खेळांतील अग्नि आणि शेजाऱ्याचा डोळा

दिवाळी आली म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांवरील आकाश उजळून निघतें, आणि दिवाळी सरली म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यांत हाताला व डोळ्याला पट्ट्या बांधलेलीं कांहीं मुलें दिसूं लागतात. नाताळाच्या रात्रीं व नव्या वर्षाच्या प्रारंभीं आमच्या मंडळ्यांच्या वस्त्यांतूनहि हाच प्रकार थोड्याबहुत प्रमाणानें घडतो; तेव्हां ही गोष्ट दुसऱ्यांच्या सणाची आहे असें म्हणून आम्हांस बाजूला सरतां येत नाहीं. अशा प्रसंगीं जो तो एकच शब्द उच्चारतो: अपघात. मुलाचे वडील तो उच्चारतात, शेजारी उच्चारतात, आणि ज्याच्या हातून दारू पेटली तो तर सर्वांच्या आधीं उच्चारतो. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदां तोंडांतून निघाला कीं कोणी कोणास कांहीं विचारावयाचें राहत नाहीं. जणूं वीज पडली, किंवा नदीला पूर आला. आमचा आजचा प्रश्न या शब्दाविषयींच आहे. मौजेखातर पेटविलेल्या अग्नीनें दुसऱ्याचें अंग भाजलें तर त्यास अपघात म्हणून मोकळें व्हावें काय? आणि मोकळें होतां येत नसेल, तर दोष नेमका कोठें आहे, व कोणाकडे किती?

कांहीं दिवसांमागें एका वयोवृद्ध गृहस्थांपाशीं आम्हीं हा विषय काढिला. ते म्हणाले, "पाळकसाहेब, पोरांचा खेळ तो. कोणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनांत नसतं. मन साफ असलं म्हणजे पाप कसलं?" हें म्हणणें हलकें नाहीं. पापाचें मूळ अंतःकरणांत असतें हें आम्हीच दर आठवड्यास सांगतों. मग ज्याच्या अंतःकरणांत द्वेषाचा लेशहि नव्हता त्यास दोषी कोणत्या तोंडानें म्हणावें? या गृहस्थांस घाईनें उत्तर देणें बरें नव्हे. अडीचशें वर्षांपूर्वीं इंग्लंदांतील एका न्यायालयापुढें बहुतेक हाच प्रश्न आला होता. तो खटला आजहि कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिकविला जातो, आणि तो एका फटाक्यावरूनच उद्भवलेला असल्यामुळें आमच्या कामास नेमका पडतो.

सॉमरसेट परगण्यांत मिलबोर्न पोर्ट या नांवाचें एक लहान गांव आहे. २८ ऑक्टोबर १७७० रोजीं तेथें जत्रा भरली होती. बाजाराची इमारत म्हणजे कमानींवर उभें केलेलें एक छप्पर. एका टोकास बंद, बाकीच्या बाजूंनीं मोकळें. आंत दुकानें मांडलेलीं व माणसांची दाटी. शेपर्ड नांवाच्या एका मुलानें रस्त्यावरून पेटलेला फटाका आंत भिरकाविला. तो आल्याचा गोड पाव विकणाऱ्या येट्स याच्या दुकानावर पडला. विलिस नांवाच्या इसमानें आपणांस इजा होऊं नये व येट्सचा माल जळूं नये म्हणून तो तत्काळ उचलून पलीकडे फेंकला. पलीकडे रायल याचें दुकान होतें, आणि त्याचाहि माल तोच. रायलनें आपला माल वांचविण्यासाठीं तो उचलून आणखी तिसरीकडे फेंकला. तेथें स्कॉट नांवाचा मुलगा होता. फटाका त्याच्या तोंडावर आदळून फुटला आणि त्याचा एक डोळा गेला.

फिर्याद झाली. वादी व प्रतिवादी दोघेहि अज्ञान, म्हणजे कायद्यानें वयांत न आलेले. दोघांच्याहि वतीनें वडीलधाऱ्यांस उभें राहावें लागलें. हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पोरांच्या खेळांत न्याय पाहूं नये असें जे म्हणतात त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, ज्याचा डोळा गेला तोहि पोरच होता. शंभर पौंडांची भरपाई ठरली होती. ती कायद्यानें टिकते कीं नाहीं याचा निर्णय १७७३ सालीं चार न्यायाधीशांनीं केला, आणि त्या चौघांचें एकमत झालें नाहीं.

ब्लॅकस्टन हे त्या चौघांतील एक. त्यांचे कायद्यावरील ग्रंथ त्या काळीं सर्वत्र प्रमाण मानले जात. ते म्हणाले कीं, दावा ज्या स्वरूपांत आणिला आहे त्या स्वरूपांत तो चालूं शकत नाहीं. कारण फटाका येट्सच्या दुकानावर येऊन पडला तेथेंच शेपर्डच्या हाताचें काम संपलें, आणि पुढची गति त्यास दुसऱ्यांनीं दिली. इतर तिघे म्हणाले, तसें नव्हे. दाटीच्या जागीं पेटलेली दारू फेंकणें हेंच मुळांत गैर होतें, आणि जोंवर ती दारू फुटली नव्हती तोंवर तें पहिलें कृत्य चालूच होतें. विलिस व रायल यांनीं जें केलें तें स्वतःचा बचाव करण्याच्या ओघांत केलें. भरपाई कायम झाली.

येथें एक गोष्ट आम्ही बाजूला नमूद करितों. न्यायालयानें विलिस व रायल यांस निर्दोष मानिलें, व क्षणार्धांत वागणाऱ्या माणसास असें सोडून देणें बरोबरहि असेल. तथापि दोघांनींहि माल वांचविला, आणि विस्तव मात्र माणसांच्या अंगावर लोटला. त्याच दुकानाखालची जमीन मोकळी नव्हती काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. असो, ते भ्यालेले होते. शेपर्ड भ्यालेला नव्हता. त्याच्याजवळ वेळ होता.

आतां आमच्या वयोवृद्ध गृहस्थांच्या म्हणण्याकडे वळूं. शेपर्डच्या मनांत स्कॉटविषयीं द्वेष होता काय? मुळींच नव्हता. स्कॉट तेथें आहे हें त्यास ठाऊकहि नसेल. परंतु दोष असलाच तर तो नेमका येथें आहे. फटाका हातांत असतां त्यानें छपराखालच्या माणसांचा विचारच केला नाहीं. आपल्या मौजेची किंमत दुसरा कोणी देईल काय, हें मनांत आणण्यास लागणारा क्षणभरहि त्यानें खर्चिला नाहीं. द्वेष करणारा निदान आपल्या शेजाऱ्याकडे पाहतो तरी. मौज करणाऱ्यास शेजारी दिसतच नाहीं. मन साफ होतें असें आपण म्हणतों तेव्हां पुष्कळदां तें साफ नसतें, रिकामें असतें, आणि या दोहोंत अंतर आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या २२व्या अध्यायांत, शेतांतील आगीविषयीं एक नियम आहे. कोणी विस्तव पेटविला, तो कांटेरी झुडुपांत शिरला, आणि शेजाऱ्याच्या पेंढ्या किंवा उभें पीक जळालें, तर पेटविणाऱ्यानें नुकसान भरून द्यावें. पेटविणाऱ्याच्या मनांत काय होतें हें तेथें विचारलेलें नाहीं. आणि हा नियम कामासाठीं पेटविलेल्या आगीचा आहे हें ध्यानांत ठेवावें. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायांत तर कोलितें फेंकणाऱ्या वेड्याची उपमा ज्यास दिली आहे तो माणूस शेजाऱ्याची फजिती करून वर आपण थट्टा केली असें म्हणणारा आहे. म्हणजे 'गंमत केली' ही सबब त्या काळींहि लोकांच्या तोंडीं होती, व ती त्या काळींहि पुरली नाहीं.

पण यासाठीं ग्रंथ उघडण्याचीहि गरज नाहीं. कोंकणांतील शेतकरी राब भाजतो तेव्हां तो आधीं काय पाहतो? वारा पाहतो. कडेचें गवत काढून पट्टा मोकळा करितो, आणि आग विझेपर्यंत तेथून हालत नाहीं. त्यानें वारा न पाहतां राब पेटविला आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी गेली, तर गांवांत कोणी त्यास अपघात म्हणत नाहीं. गुरांच्या पोटाचा चारा गेला असें म्हणतात, आणि भरपाई मागतात. तोच शेतकरी सणाच्या रात्रीं आपल्या मुलाच्या हातांत बाण देतो. मुलगा तो रिकाम्या बाटलींत उभा करितो, बाटली कलंडते, आणि बाण त्याच गंजींत शिरतो. तेव्हां मात्र तो अपघात होतो! शेतांतली अक्कल अंगणांत कां येऊं नये, हें आम्हांस समजत नाहीं.

येथें एक अवघड शंका निघते. दोन मुलगे एकाच रात्रीं एकाच गल्लींत तोच बाण तशाच बाटलींत ठेवून सोडतात. एकाचा सरळ वर जातो, व लोक टाळ्या वाजवितात. दुसऱ्याच्या बाटलीखालीं खडा येतो आणि एका मुलीचें तोंड भाजतें. दोघांच्या वागण्यांत तिळभर भेद नव्हता. मग एकास शाबासकी व दुसऱ्यास शिक्षा, हा न्याय कसा? बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्ववेत्त्यांनीं १९७६ सालीं ह्याच कोड्यावर लिहिलें, व तेव्हांपासून त्यावर वाद चालू आहे. आम्हांस वाटतें तें असें कीं, भरपाई दुसऱ्यानेंच द्यावी, कारण भाजलेलें तोंड त्याच्यासमोर आहे; परंतु दोष दोघांचा सारखाच आहे, आणि पहिल्यास तो दिसत नाहीं हेंच त्याच्या बाबतींत भयंकर आहे. पुढच्या वर्षीं बाटली आणणारा तोच असतो. आपल्या मंडळ्यांत आपण भाजलेल्या घराकडे जातों व दुसऱ्या मुलास बोल लावितों. पहिल्या मुलाच्या घरीं जाऊन, "तुझा बाण सरळ गेला, तो तुझ्या शहाणपणामुळें नव्हे," असें कोण सांगतो?

दैवानें सरळ गेलेल्या बाणाचें सर्वांत मोठें उदाहरण विद्वानांच्या इतिहासांतच आहे. पोटॅश म्हणून बाजारांत मिळणारी जी पांढरी पूड, जिला रसायनशास्त्रांत पोटॅशियम क्लोरेट म्हणतात, ती फ्रान्सच्या बर्तोले या रसायनशास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार केली. बंदुकीच्या दारूंत सोऱ्याऐवजीं ही पूड घातली तर दारू अधिक जोरकस होईल अशी कल्पना निघाली, आणि १७८८ सालीं एसोन येथील कारखान्यांत प्रयोग मांडला. पाहण्यासाठीं स्वतः बर्तोले, लाव्हाझिये व त्यांची पत्नी हीं मंडळी आलीं होतीं. मिश्रण अकस्मात् उडालें. दोन माणसें ठार झालीं. बर्तोले व लाव्हाझिये पतिपत्नी तेवढ्यांत बाजूला गेल्यामुळें वांचलीं. ज्या माणसास अर्वाचीन रसायनशास्त्राचा जनक म्हणतात तोहि त्या दिवशीं केवळ योगायोगानें घरीं परतला.

कारण आज ठाऊक आहे. सोरा, कोळसा व गंधक यांची जुनी दारू घर्षणानें सहसा पेटत नाहीं. तिला ठिणगी लागते. पोटॅश व गंधक एकत्र आलीं म्हणजे मात्र नुसत्या घासण्यानें, नुसत्या आघातानें तीं उडतात, आणि गंधकांत दमटपणानें थोडें आम्ल झालें तर कोणी हात न लावतांहि तीं पेट घेऊं शकतात. म्हणून इंग्लंदांत १८९४ सालीं या दोहोंच्या मिश्रणास मनाई झाली, आणि आपल्या देशांतहि १९९२ सालीं तशी मनाई झाली. इतकें असून आमच्या खेड्यांतील मुलें आजहि लोखंडी नळीच्या भोंकांत पोटॅश व गंधकाची पूड घालतात, वर खिळा बसवितात आणि ती नळी भिंतीवर आपटतात. पूड बत्त्यानें वांटणारीं मुलेंहि आहेत! पाट्यावर मसाला वांटावा तसे तीं जिला रगडतात, ती पूड रगडण्यानेंच उडते हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. ज्या दुकानदारानें पोराच्या हातांत दोन्ही पुड्या एकदम दिल्या त्यास मात्र बहुधा ठाऊक असतें.

अलीकडे याहून वाईट गोष्ट आली आहे. कार्बाईड आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं; कायद्यानें मनाई असतांहि कांहीं व्यापारी आंबे पिकविण्यासाठीं तिच्या पुड्या करंड्यांत ठेवितात. तिच्यावर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन नांवाचा वायु सुटतो. माकडें व पांखरें पिकांवरून हांकण्यासाठीं कांहीं शेतकऱ्यांनीं नळ्या जोडून या वायूची तोफ केली: आंत कार्बाईडचे खडे, वर थोडें पाणी, आणि मागें चुलीचा लायटर. शेतांत ती एक वेळ चालली असेल. मग ती खेळणें झाली. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून ती कशी करावी हें मुलांनीं पाहिलें, रस्त्याच्या कडेला ती दीड-दोनशें रुपयांस मिळूं लागली, आणि २०२५ सालच्या दिवाळींत मध्यप्रदेशांत, भोपाळ व आसपासच्या जिल्ह्यांत, शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांस इजा झाली. त्यांत बहुतेक मुलें होतीं, आणि कित्येकांची दृष्टि गेली.

डोळेच कां? हात कां नव्हेत? याचें उत्तर ऐकून आमचें मन विषण्ण झालें, म्हणून तें येथें विस्तारानें देतों. ही तोफ पुष्कळदां पहिल्या खटक्यास वाजत नाहीं. वाजली नाहीं म्हणजे मूल काय करितें? तें नळींत डोकावतें. आंत पाणी व कार्बाईड यांचें काम चालूच असतें, वायु सांचतच असतो, आणि मुलाचा अंगठा लायटरवर असतो. हा वायु हवेंत शेंकडा अडीच भाग असला तरी पेटतो व शेंकडा ऐंशी भाग झाला तरी पेटतो. म्हणजे प्रमाण चुकलें म्हणून तो स्वस्थ बसेल असें सहसा होत नाहीं. ज्या क्षणीं मूल आंत पाहतें त्याच क्षणीं ती तोफ वाजते. शिवाय कार्बाईडचा वायु निघून गेल्यावर मागें उरतो तो भिजलेला चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी डोळ्यांत उडाली तर काय होतें हें ज्या घरीं घडलें आहे त्या घरास विचारावें. ज्वाळा एकदां चटका देऊन विझते. चुना डोळ्यांत राहून आंत आंत शिरत जातो.

नळींत डोकावणें हा त्या मुलाचा अपराध नव्हे. न वाजलेल्या वस्तूकडे पाहावें हें मुलाच्या स्वभावांतच आहे. त्याच जिज्ञासेस आपण शाळेंत बक्षीस देतों. म्हणूनच येथें मन साफ असलें म्हणजे झालें हें म्हणणें अगदीं कोलमडतें. मुलाचें मन साफच होतें. ज्यानें ती नळी विकली, ज्यानें ती करण्याची रीत दाखवून कौतुक मिळविलें, आणि ज्या पित्यानें नळींत काय आहे हें न विचारतां दोनशें रुपये मोजले, त्यांच्यापैकीं कोणाच्याहि मनांत त्या मुलाचें वाईट नव्हतें. परंतु विचारणें त्यांच्या हातांत होतें, मुलाच्या नव्हतें. मिलबोर्न पोर्टच्या बाजारांत फटाका तीन हातांतून गेला. येथें तो त्याहून अधिक हातांतून जातो, आणि शेवटचा हात सर्वांत लहान असतो.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व अज्ञान मुलांचें झालें. जाणत्या माणसांनीं मौज केली तर काय हरकत? हरकत नाहीं. आम्ही आनंदाचे वैरी नाहीं, आणि रात्रीच्या आकाशांत फुलणारें फूल पाहून आम्हांसहि संतोष होतो. अमेरिकेंत १९६९ सालीं पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल ही हौशी लोकांची संस्था निघाली. अशा मंडळींत दारूकाम ही एक विद्या म्हणून शिकली जाते. खरा हौशी मनुष्य एका वेळीं थोडीच दारू हाताळतो, अंगांत सुती कपडे घालतो, कारण नायलॉन वितळून कातड्यास चिकटतें, पोटॅश व गंधक एका खोलींतहि ठेवीत नाहीं, आणि जी वस्तु पेटली नाहीं तिच्याजवळ वीस मिनिटें तरी जात नाहीं, व गेला तर पाण्याची बादली घेऊन जातो. हे नियम कोणी एका बैठकींत बसून सुचविलेले नाहींत. त्यांतील बहुतेक नियमांमागें कोणाचें तरी बोट किंवा डोळा आहे, आणि ते पाळणें म्हणजे ज्याचें गेलें त्याच्या दुःखाचा मान राखणें होय असें आम्हांस वाटतें.

पण जाणतेपणहि पुरत नाहीं, जर एखाद्या क्षुल्लक गोष्टीकडे दुर्लक्ष झालें. ४ जुलै २०२१ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, मिशिगन संस्थानांतील नोव्हाय या गांवीं एका घरीं मंडळी जमली होती. त्यांत लाटव्हिया देशचा मातिस किव्हलेनिएक्स हा बर्फावरील हॉकी खेळणारा चोवीस वर्षांचा गोलरक्षक होता. अंगणांत नळकांड्यांतून आकाशांत गोळे उडविणारी आतषबाजी चालली होती. नळकांडें किंचित् कललें. पुढचा मार आकाशाकडे न जातां माणसांकडे आला, आणि छातीवर आघात होऊन तो तरुण मरण पावला. कोणी वाईट चिंतिलें नव्हतें, कोणी वेडेपणा केला नव्हता. केवळ नळीची बैठक पक्की नव्हती. जमिनींत अर्धी पुरलेली किंवा वाळूच्या पोत्यांनीं आंवळलेली नळी कलत नाहीं. आणि आपल्या अंगणांतील रिकामी बाटली ही त्याच नळीची गरीब बहीण आहे.

या गोष्टींत आणखी एक भेद पाहण्यासारखा आहे. जो पेटवितो त्यानें धोका आपल्या मनानें पत्करलेला असतो; त्यास भाजलें तर आपण हळहळतों, पण निवड त्याची होती असें म्हणूं शकतों. जो दूर ओट्यावर बसला आहे, जो पाळण्यांत झोपला आहे, जो शेजारच्या घरांत दम्यानें खोकत आहे, त्यानें कांहींच पत्करलेलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं फटाक्यांच्या लांब माळांस मनाई केली व दिवाळीच्या रात्रीं आठ ते दहा अशी वेळ घालून दिली, तेव्हां पुष्कळांनीं कुरकुर केली कीं, आमच्या आनंदास घड्याळ लावलें. आमचें मत असें कीं, न पत्करणाऱ्यांच्या वतीनें कोणीतरी बोलणें अवश्य होतें, व गल्लींत तें कोणीच बोलत नव्हतें. स्वतःच्या बोटांपुरता धाडसी असणारा मनुष्य आम्हांस समजतो. शेजाऱ्याच्या डोळ्यावर धाडस करणाऱ्यास मात्र धाडसी म्हणवत नाहीं.

आतां घडून गेल्यावर काय करावें, याविषयीं दोन शब्द. कारण आमच्या मंडळ्यांत येथेंच अधिक चुका होतात असें आमच्या पाहण्यांत आहे. भाजलेल्या जागेवर वाहतें थंड पाणी वीस मिनिटें सोडावें. तूप, शाई, दंतमंजन कांहींहि लावूं नये. डोळ्यांत दारू, चुना किंवा कार्बाईड गेलें असेल तर स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास धरावी व डोळा चोळूं नये. डोळ्यांत कांहीं रुतलें असेल तर तें उपटूं नये, दाबूं नये. वर एखादा कागदी पेला पालथा धरून तसेंच दवाखान्यांत न्यावें.

आणि ज्याच्या हातून घडलें त्या मुलाचें काय? कांहीं घरीं त्यास बेदम मारतात. कांहीं घरीं त्यास लपवितात व डॉक्टरांस खोटें सांगतात, कीं चुलीच्या भडक्यानें भाजलें, किंवा झाडावरून पडला. दोन्हीहि वाईट, पण दुसरें अधिक वाईट, कारण डॉक्टरांस खरें कळलें नाहीं तर उपचार चुकतो. चुना धुवावयाचा कीं नुसता चटका झांकावयाचा हें त्यांस ओळखतां येत नाहीं. मुलास मारूं नये व लपवूंहि नये. औषधाचा खर्च त्याच्या घरानें उचलावा, हें आम्ही वर सांगितलेल्या नियमास धरूनच आहे, आणि त्यासाठीं शेळी विकावी लागली तर विकावी. परंतु त्याच रात्रीं, भांडण मिटण्याचीहि वाट न पाहतां, त्या मुलानें भाजलेल्या मुलाबरोबर दवाखान्यांत जावें. कारण नळींत काय भरलें होतें हें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.